अनुभवी लेखकांची आमची टीम

माझ्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतं: 'अनुभवी लेखकांची आमची टीम तुमच्या व्यवसायाला शब्द देते.' टीम म्हणजे मी. अनुभवी लेखक म्हणजेही मीच. फोन उचलणारी, बिलं पाठवणारी आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद भुवया कोरायच्या चिमट्यानं ओढून काढणारीसुद्धा मीच. नोकरी सोडून घरून काम सुरू केलं तेव्हा एका शहाण्यानं सांगितलं होतं, की 'मी' लिहिलंस तर लोक घासाघीस करतात, 'आम्ही' लिहिलंस तर मॅडम म्हणतात. म्हणून मी 'आम्ही' लिहिलं आणि विसरून गेले.

विसरायला नको होतं, कारण असल्या वाक्यांच्या मुळावर उठणं हाच माझा धंदा आहे. लोक मला त्यांची पत्रकं, ग्राहकांना जाणारी पत्रं, सूचना असलं सगळं पाठवतात आणि मी त्यातली हवा काढते. गादीवाल्यानं लिहिलं, 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय', की मी विचारते, बाबा रे, दुसरं काय असणार होतं? गादी किती वर्षं टिकते ते सांग आणि मोकळा हो. 'अत्याधुनिक' आणि 'सर्वोत्कृष्ट' हे शब्द एका ओळीत दिसले की माझं डोकंच फिरतं. खरं असेल तेवढंच लिहा, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझं ऑफिस म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. एका टोकाला माझा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला सासूबाई, त्यांच्या मांडीत लोकरीचा गुंडा. सासूबाईंनी एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर उभी हयात काढली. माणूस दोन वाक्यं बोलला की त्याला नक्की काय हवंय हे त्यांना कळतं, निदान कळतं असं त्यांना वाटतं. आवाज अजून खणखणीत आहे आणि मतं त्याहून.

मी लिहिलेलं सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. सुरुवात झाली ती निव्वळ घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून. आता सवयच झाली आहे. मी वाचते, त्या विणतात. सुया चालू असल्या की वाक्य ठीक. सुया थांबल्या की त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "म्हणजे काय?" मग मी समजावून सांगते आणि त्या म्हणतात, "मग तसंच लिही की!" निम्म्या वेळा मी जे तोंडानं सांगितलेलं असतं, तेच कागदावर जातं.

त्यांचं सगळंच मी ऐकते असं मात्र नाही. दातांच्या डॉक्टरांच्या पत्रकाखाली 'लोभ आहेच, तो वाढावा' असं लिहायला त्यांनी सांगितलं होतं. कुत्री सांभाळणाऱ्या बाईच्या जाहिरातीत 'कुत्रा चावल्यास जबाबदारी कोणाची' हे पहिल्या ओळीत हवं म्हणून त्या हटून बसल्या होत्या. आमची भांडणं होतात. दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा टेबलाशी येतो, कारण दोघींनाही दुसरीकडे करमत नाही.

हे सगळं बंद व्हायची वेळ आली होती. मागच्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी बजावलं की यांना दिवसभर एकटं ठेवायचं नाही. नवरा औषधाच्या दुकानात काम करतो. तो सकाळी जातो तो दिवेलागणीलाच येतो. मी घरी होते म्हणून निभत होतं. पण सहा-आठ महिने माझ्याकडे कामाचा असा दुष्काळ पडला, की माझ्या जुन्या जाहिरात एजन्सीतल्या बाईंनी फोन करून "परत ये, तुझी खुर्ची रिकामीच आहे" म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. मी जाणार म्हटल्यावर सासूबाई नणंदबाईंकडे जाणार, हे ओघानंच आलं. नणंदबाई चांगल्या आहेत, घर मोठं आहे, शहर लांब आहे. त्यांनी खोलीसुद्धा तयार केली होती. आमच्या घरात यावर कोणी बोलत नव्हतं. सासूबाई विणत होत्या, मी वाचत होते आणि एजन्सीला उत्तर द्यायचा दिवस जवळ येत होता.

तेवढ्यात लिफ्टवाले आले. म्हणजे आधी त्यांचा मेल आला. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारी त्यांची कंपनी होती आणि एका सहा मजली इमारतीतले लोक त्यांना हाकलून द्यायच्या बेतात होते. लिफ्ट बंद पडली होती, पार्ट गुरुवारी बाहेरून यायचा होता आणि त्यांच्या ऑफिसनं दारात ही सूचना लावली होती: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव उद्वाहन सेवा पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात येत असून, होणाऱ्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.' त्याखाली कोणीतरी पेनानं असं काही लिहिलं होतं, की त्याचा फोटो पाठवताना लिफ्टवाल्यांनी तेवढा भाग कापला होता. सूचना सुधारून द्या, पटली तर वर्षभराचं सगळं लिखाण तुमच्या टीमला देतो, असं ते म्हणाले.

वर्षभराचं काम मिळालं तर मी घरी राहणार होते. आणि मी घरी, म्हणजे सासूबाईही घरी.

मी सूचना वाचून दाखवली. 'सर्व संबंधितांस' म्हणतानाच सुया थांबल्या.

"पुढील सूचनेपर्यंत म्हणजे काय? मी खाली उतरू की नको?" सासूबाई म्हणाल्या. आमची स्वतःची लिफ्ट महिन्यातून एकदा रुसते. ती रुसली की गुडघ्यांमुळे त्या तिसऱ्या मजल्यावर कैदेत असतात. त्यामुळे हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता.

"पार्ट कधी येतोय ते लिहिते," मी म्हटलं. "आणि दिलगीर काढून 'चूक आमची आहे' असं लिहिते."

"चूक तुमची आहे ते तिला माहीत आहे."

"कोणाला?"

"पाचव्या मजल्यावरच्या म्हातारीला. असणारच की कोणीतरी. तिची औषधं संपली तर ती काय तुमच्या चुकीची पुडी खाणार आहे? एक माणूस उभा करा म्हणावं खाली. सामान वर नेऊन देईल. आणि तसं लिहा."

"आई, मी फक्त लिहिते. माणसं उभी करणं माझं काम नाही."

"मग काय उपयोग तुझ्या लिहिण्याचा?" असं म्हणून त्यांनी सुया पुन्हा चालू केल्या.

मी चिडले. उठून पाणी प्यायले आणि परत येऊन लिहिलं: 'लिफ्ट बंद आहे. चूक आमची आहे. पार्ट गुरुवारी येईल आणि शुक्रवारी संध्याकाळी लिफ्ट सुरू होईल. तोवर आमचा माणूस सकाळ-संध्याकाळ दाराशी उभा आहे. सामान वर न्यायचं असेल, औषध आणायचं असेल तर त्याला हाक मारा.' खाली फोन नंबर. वाचून दाखवलं तर सुया एकदाही थांबल्या नाहीत. माणूस उभा केलात तरच हे लावा, असं वर लिहून मी ते पाठवून दिलं.

चार दिवसांनी लिफ्टवाल्यांचा फोन आला. आवाज खूश होता. म्हणाले, बाकीचं समक्ष बोलू, उद्या दुपारी तुमच्या ऑफिसला येतो. तुमच्या टीमलाही भेटायचं आहे.

टीम कुठून आणू? नवऱ्याला म्हटलं, उद्या अर्धा दिवस रजा टाक, तू आमचा व्यवसाय विभाग आहेस. तो म्हणाला, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, कळायचं कारण नाही, इस्त्रीचा शर्ट घाल आणि गंभीर दिस. माझा नवरा इतका सरळ माणूस आहे, की त्याला खोकला आल्याचं सोंगसुद्धा करता येत नाही. पण त्यालाही माहीत होतं, हे काम कशासाठी हवंय ते. आई त्याची होती.

सकाळी मी टेबलावरचं लोणी, लोकर, बिलं सगळं हलवलं. सासूबाई आंघोळ करून, चांगले कपडे घालून बाहेर आल्या. केस नीट बांधलेले. त्यांची खुर्ची मी नवऱ्यासाठी सरकवून ठेवली होती.

"मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आत आराम करा, आई. उगाच दगदग नको."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'चे पाच-सहा प्रकार आहेत. हा कुठला होता ते पाहायला मला फुरसत नव्हती.

लिफ्टवाले आले ते जिना चढून, धापा टाकत. गोलमटोल, घामाघूम, हातात रुमाल. खाली लिफ्ट चालू होती. "दुसऱ्या कंपनीची आहे ना," ते म्हणाले, "पाय टाकवत नाही. स्वभावाला औषध नाही." माणूस मला आवडला. म्हणून तर पुढचं आणखी जड गेलं.

"हे आमचा व्यवसाय विभाग बघतात," मी म्हटलं.

"छान. म्हणजे नक्की काय बघता?"

नवऱ्यानं घसा साफ केला. "मी... एकंदरीत बघतो."

"एकंदरीत?"

"सगळ्यावर लक्ष असतं."

लिफ्टवाल्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाले, "बरं, मला सांगा, ग्राहकांना पत्रं किती वेळा पाठवावीत असं तुमचं मत आहे?"

"सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर," नवरा म्हणाला, आणि पांढराफटक पडला. दुकानात दिवसभर तेच बोलायची सवय. घाबरल्यावर तोंडातून दुसरं काय येणार?

मला हसू फुटत होतं आणि रडूही. लिफ्टवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून सूचनेची घडी काढून टेबलावर उलगडली. "आमचा माणूस दाराशी उभा आहे, असं तुम्ही लिहिलंत. वाचून मी भडकलोच. असा माणूस माझ्याकडे नव्हता हो! पण आमच्या ऑफिसनं न वाचताच दारावर चिकटवून टाकलं, लोक विचारायला लागले, तेव्हा धावपळ करून एक पोरगा उभा केला. आता तिथली माणसं मला फोन करतात, ते त्याचं कौतुक करायला. कंत्राट वाचलं माझं." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणाला सुचलं? मला त्या माणसाशी बोलायचंय. बाकीची टीम असू दे."

नवरा माझ्याकडे बघत होता. मीही त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि शर्टाची कॉलर एका बाजूनं वळली होती. मला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. रोज उठून जगाला सांगते खरं लिहा, आणि या भल्या माणसापुढे नाटक मांडून बसले होते. जे व्हायचं ते होवो, म्हणून मी बोलून टाकलं.

"खरं सांगते. टीम-बीम काही नाही. हे माझे मिस्टर, औषधाच्या दुकानात असतात. वेबसाइटवर लिहिलंय ते खोटं आहे. मी एकटीच आहे. सगळं मी एकटीच करते."

स्वयंपाकघराचं दार उघडलं होतं. सासूबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या, चहाचे तीन कप. त्या टेबलाशी आल्या, ट्रे ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही, आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. दार हलकेच लावून घेतलं.

लिफ्टवाल्यांनी चहा अर्धा प्यायला. "सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "मीही एकट्यानंच सुरू केलं होतं. पण आता माझा व्याप मोठा आहे. एकटं माणूस आजारी पडतं, दमतं. बघतो. कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते माझ्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. ते उठले आणि जिन्यानं निघाले.

"चांगलं केलंस," नवरा म्हणाला. "गेलं तर गेलं."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. खरं बोलून मोकळं झाल्याचा एक दिमाख असतो, तो माझ्या अंगात भरला होता. तेवढ्यात आतून फोनवर नणंदबाईंशी बोलणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज दारं-बिरं जुमानत नाही.

"रविवारीच ये मला न्यायला. नाही गं, कोणी काही बोललं नाही. तिचं ती एकटी करते सगळं. मी काय, शेजारी बसून विणते. लुडबुड नुसती."

नवऱ्यानं मान खाली घातली. खरं बोलायच्या नादात मी काय बोलून बसले होते ते मला तेव्हा कळलं. ती ओळ माझी नव्हतीच. पाचव्या मजल्यावरची म्हातारीही माझी नव्हती. मी तर म्हटलं होतं, माणसं उभी करणं माझं काम नाही. ज्या बाईनं ते सुचवलं तिला आराम करा म्हणून आत पाठवलं, तिच्या खुर्चीत एकंदरीत बघणाऱ्याला बसवलं आणि वर तिच्यादेखत जाहीर केलं, की मी एकटी आहे. आणि याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते.

मी अनवाणीच जिन्याकडे धावले. लिफ्टवाले पहिल्या मजल्यावर पोचले होते.

"थांबा!" मी कठड्यावरून वाकून ओरडले. "मी खोटं बोलले!"

"ते सांगितलंत की तुम्ही!" खालून आवाज आला.

"ते नाही, त्यानंतरचं! मी एकटी नाहीये! वर या!"

"पुन्हा वर?" ते म्हणाले. मग त्यांची धाप हळूहळू वर चढायला लागली. बिचाऱ्यांनी मधे एकदा आमच्या लिफ्टच्या दाराकडे बघितलंही, पण तत्त्व सोडलं नाही.

मी सासूबाईंच्या खोलीचं दार वाजवून उघडलं. फोन संपला होता. पलंगावर बॅग उघडी होती आणि त्या लोकर भरत होत्या.

"आई, बाहेर चला. त्यांना ते वाक्य ज्यांनी सुचवलं त्यांच्याशी बोलायचंय."

"तू आहेस की. एकटी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"आई, मी गाढव आहे."

"ते मला ठाऊक आहे. त्याचं काय?"

मला रडू आलं. ठरवून, नीट काही बोलता आलं नाही. शब्दांवर पोट भरणारी बाई, पण तिथे माझी बोबडी वळली. "तुम्ही गेलात ना, तर मी जे लिहीन ते त्या गादीवाल्यासारखं होईल," मी म्हटलं. "मला वाक्यं येतात. पलीकडे कोण बसलंय ते तुम्हाला दिसतं. मला एकटीला ते दिसत नाही. आणि काम मिळो न मिळो, तुम्ही जाऊ नका. मला करमायचं नाही."

सासूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "हे इतकं सोपं बोलता येतं तर आधी काय झालं होतं?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या आधी बाहेर गेल्या.

लिफ्टवाले दारात रुमालानं मान पुसत उभे होते. मी सांगितलं, "या माझ्या सासूबाई. तुमची ओळ यांची आहे. मी लिहिते आणि यांना वाचून दाखवते. यांना कळलं तरच ते बाहेर जातं. एवढीच आमची पद्धत आहे."

त्यांनी नमस्कार केला. सासूबाई आपल्या खुर्चीशी गेल्या, नवऱ्याला डोळ्यांनीच उठवलं आणि बसल्या.

"तो जो पोरगा उभा केलात," त्यांनी विचारलं, "त्याला बसायला काही दिलंत का?"

"बसायला?" लिफ्टवाले गोंधळले. "नाही. म्हणजे... लिहिलंच होतं तसं, उभा आहे म्हणून."

"लिहिलं म्हणून काय त्याला उभाच ठेवायचा? स्टूल द्या त्याला. आणि पाणी."

"देतो," लिफ्टवाले म्हणाले आणि स्वतःच स्टूल मिळाल्यासारखे हुश्श करून खुर्चीत टेकले. गार झालेला चहा त्यांनी संपवला. मग दीड तास ते आणि सासूबाई बोलत होते. मी लिहून घेत होते आणि मधून मधून भांडत होते, कारण सासूबाईंना प्रत्येक बिलाखाली 'जपून उतरावे' असं छापायचं होतं. नवरा कोपऱ्यात बसून खरोखरच सगळ्यावर लक्ष ठेवत होता. निघताना लिफ्टवाले म्हणाले, "सोमवारपासून कागद पाठवतो. पण यांनी ऐकल्याशिवाय एकही परत पाठवायचा नाही." मी मान डोलावली.

ते गेल्यावर नवरा गॅलरीत जाऊन उगाचच कपडे चाचपत उभा राहिला. मी एजन्सीतल्या बाईंना येत नसल्याचं कळवलं. सासूबाई हिशेब चुकल्यासारख्या विणकामाचे टाके पुन्हा पुन्हा मोजत होत्या. बॅग आत पलंगावर तशीच उघडी होती.

मग फोन वाजला. नणंदबाई होत्या. रविवारी किती वाजता निघायचं, गाडी कुठली घ्यायची, गुडघ्यांसाठी उशी आणू का, सगळं मला टेबलाच्या या टोकाला ऐकू येत होतं. सासूबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं.

"नको येऊस गं," मग त्या म्हणाल्या. "या रविवारी नको, पुढच्याही नको." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आवाज जराही खाली न करता सांगितलं, "अगं, हिला एकटीला नाही जमत."